जर्मनीत ई-बाइक चालवायचीय? पासिंग, पाटी, लायसन्स आणि रोजच्या रस्त्यावरचे प्रश्न

श्टुटगार्टला नव्याने आलेल्या मराठी मंडळींच्या प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो. आधी घर, मग आनमेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंदणी), मग चांगली तूरडाळ कुठे मिळते, आणि एप्रिलमध्ये ऊन पडलं की ई-बाइक. हे शहर वाडग्यासारखं आहे. ऑफिस तळाशी आणि घर काठावर, किंवा उलट. खालच्या मार्केटपासून काठावरच्या डेगरलोख भागापर्यंत साध्या सायकलने चढून पाहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी मोटर शोधायला लागतो. गेली काही वर्षं तेच तेच प्रश्न फोनवर, गणपतीच्या जेवणाच्या पंगतीत आणि किंडरगार्टनच्या दारात उभं राहून ऐकतोय, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. नियम जर्मनीचे आहेत. शेजारच्या देशांचं थोडक्यात शेवटाकडे आहे.

ई-बाइकचं पासिंग करावं लागतं का?

बहुतेकांना नाही. पण "ई-बाइक" हा शब्द इथे तीन वेगळ्या गाड्यांसाठी वापरतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

दुकानात दिसणाऱ्या दहातल्या नऊ गाड्या पेडेलेक असतात. मोटर सलग २५० वॅटपर्यंतची, पायडल मारलं तरच ती मदत करणार, आणि वेग ताशी २५ किलोमीटरला पोचला की मदत बंद. ही गाडी कायद्याने निव्वळ सायकल आहे. २०१३ साली रस्तेवाहतूक कायद्यातच तसं स्पष्ट लिहिलं गेलं. त्यामुळे पासिंग नाही, नंबरप्लेट नाही, लायसन्स नाही, सक्तीचा विमा नाही, वयाची अटही नाही.

दुसरी एस-पेडेलेक. दिसायला तशीच, पण मदत ताशी ४५ पर्यंत. ही कायद्याने मोटारवाहन, म्हणजे आपल्याकडच्या मोपेडच्या जातीची. तिला विम्याची पाटी, लायसन्स आणि हेल्मेट, तिन्ही लागतं.

तिसरी म्हणजे कायद्याच्या भाषेतली खरी "ई-बाइक": पायडल न मारता, मूठ पिळून किंवा बटण दाबून चालणारी. ती ताशी २५ चीच असली तरी सायकल नाही. तिलाही विम्याची पाटी लागते.

म्हणजे प्रश्न दोनच. पाय हलवल्याशिवाय गाडी पळते का? आणि मदत कुठल्या वेगाला थांबते? खालची निम्मी उत्तरं या दोन प्रश्नांतून आपोआप निघतात.

पुण्यात २५० वॅटच्या स्कूटरला लायसन्स लागत नाही. मग इथे मूठवाली सायकल का चालत नाही?

हा प्रश्न फक्त आपलेच लोक विचारतात आणि त्यात त्यांची काही चूक नाही. भारतात २५० वॅट आणि ताशी २५ च्या आतल्या गाडीला मोटारवाहन धरत नाहीत. मग ती मूठ पिळून चालली तरी. शाळकरी पोरं क्लासला जाताना चालवतात त्या स्कूटर यातल्याच. जर्मनीत आकडे तेच आहेत, २५० आणि २५, पण त्यांच्यापुढे पायडलची अट आहे. आकडे सारखे दिसतात म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो.

एका ऑनलाइन विक्रेत्याकडून एका मित्राने जाड टायरची, घडी घालता येणारी सायकल मागवली. जाहिरातीत "२५० वॅट, ताशी २५, लायसन्सची गरज नाही" असं ठळक लिहिलेलं. खोकं उघडलं तर उजव्या मुठीवर अंगठ्याने दाबायची कळ. तेवढ्या कळीने ती सायकल राहिली नाही. अशा गाडीला विमा घ्यायचा तर विमा कंपनी मान्यतेचे कागद मागते, आणि तेच तिच्याकडे नव्हते. कळ काढून टाका म्हणून सांगणारे खूप भेटले. शेवटी त्याने ती परत पाठवली. ऑनलाइन खरेदी चौदा दिवसांत परत करता येते, हा नियम तेव्हा कामी आला.

एक अपवाद मात्र आहे. ताशी ६ किलोमीटरपर्यंत ढकलायला मदत करणारं बटण चालतं. तळघरातून सायकल उतारावरून वर काढताना ते देवासारखं धावून येतं.

माझी गाडी नेमकी कोणती हे कसं ओळखू?

सायकल उलटी करा नाहीतर गुडघ्यावर बसा. सीटच्या खालच्या नळीवर किंवा पायडलच्या दांडीजवळ एक छोटं लेबल असतं. त्यावर ईपीएसी, १५१९४ हा मानक क्रमांक, वॅट आणि वेगाची मर्यादा छापलेली असते. "२५० वॅट, २५ किमी" असेल तर पेडेलेक. ४५ असेल, सोबत वाहनाचा क्रमांक कोरलेला असेल आणि मागे पाटी लावायला जागा असेल तर एस-पेडेलेक. लेबलच नसेल तर दुकानदाराला ते का नाही हे विचारा, आणि उत्तर पटेपर्यंत पैसे देऊ नका.

एस-पेडेलेकची पाटी आरटीओत मिळते का?

नाही. इथल्या आरटीओची पायरीही चढावी लागत नाही. पाटी विमा कंपनी देते. गाडीबरोबर मिळालेला मान्यतेचा कागद दाखवायचा, वर्षाचा हप्ता भरायचा, आणि पोस्टाने छोटी पत्र्याची पाटी घरी येते. वर तीन आकडे, खाली तीन अक्षरं.

या पाटीचं वर्ष १ मार्चला सुरू होतं आणि फेब्रुवारीअखेर संपतं. दरवर्षी रंग बदलतो: काळा, निळा, हिरवा, आणि पुन्हा काळा. २०२४ ला निळा होता, २०२५ ला हिरवा, २०२६ ला काळा. पोलिसाला लांबूनच कळतं की तुमचा विमा गेल्या वर्षीचा आहे. १ मार्चच्या सकाळी जुन्या रंगाची पाटी लावून निघालात तर तो नुसता दंडाचा विषय राहत नाही. विनाविमा वाहन चालवणं इथे गुन्हा आहे, त्यात एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याचा गजर फोनमध्ये लावून ठेवा. वर्षाच्या मधे गाडी घेतली तर उरलेल्या महिन्यांपुरताच हप्ता पडतो.

भारतातलं लायसन्स एस-पेडेलेकला चालतं का?

इथे राहायला आल्यापासून सहा महिने. सोबत आंतरराष्ट्रीय परवाना किंवा जर्मन भाषांतर हवं. सहा महिने झाले की भारतीय लायसन्सला इथे किंमत नाही, आणि ते थेट बदलूनही मिळत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी इंग्रजीतून देता येते. कारचं जर्मन लायसन्स असेल तर मोपेडचा एएम वर्ग त्यातच येतो, वेगळं काही करावं लागत नाही.

साध्या पेडेलेकला यातलं काहीही लागत नाही. विमानतळावरून उतरून थेट चालवली तरी चालते.

हेल्मेट?

पेडेलेकला सक्ती नाही, एस-पेडेलेकला आहे. सक्ती नसली तरी घाला. पंचवीस किलोची गाडी ट्रामच्या ओल्या रुळावर घसरते तेव्हा कायद्यात काय लिहिलंय हे आठवत नाही.

एस-पेडेलेक सायकलमार्गावर नेता येते?

नाही, आणि हेच तिचं खरं दुखणं. ती मोटारवाहन असल्यामुळे सायकलमार्ग बंद, "सायकलींना मुभा" असं लिहिलेली उलट दिशेची एकेरी गल्लीही बंद, आणि फारराडश्ट्रासे, म्हणजे सायकलींसाठी राखलेला रस्ता, तोही मोटारींना वेगळी मुभा दिलेली नसेल तर बंद. "ई-बाइक फ्राय" (ई-बाइकना मुभा) अशी पाटी दिसली म्हणून आत शिरू नका. ती मुभा वर सांगितलेल्या मूठवाल्या २५ च्या गाड्यांना आहे.

मग जायचं कुठून? ताशी ५० ने धावणाऱ्या मोटारींच्या मधून, ताशी ३५-४० ने, मागच्या बीएमडब्ल्यूचा श्वास मानेवर घेत. शेजारी मोकळा, रुंद सायकलमार्ग रिकामा पडलेला. ट्युबिंगनने २०१९ मध्ये आपल्या हद्दीतले बरेच सायकलमार्ग एस-पेडेलेकला खुले केले, तिथे तशा पाट्या दिसतात. बाकी ठिकाणी तशी पाटी नसेल तर मोटारींचा रस्ता, हाच नियम. स्वित्झर्लंडमध्ये बरोब्बर उलटं आहे: तिथे वेगवान ई-बाइकने सायकलमार्गावरूनच जायचं असतं. त्यामुळे तिथे ती गाडी रोज दिसते आणि इथे क्वचितच.

मग एस-पेडेलेक घ्यावी की नाही?

माझं मत विचाराल तर शहरात राहत असाल तर नाही. गाव ते गाव पंधरा-वीस किलोमीटरचं रोजचं जाणं असेल, मधले रस्ते मोकळे असतील, आणि मुलांना ट्रेलरमध्ये घालून न्यायचं नसेल (एस-पेडेलेकमागे मुलांचा ट्रेलर जोडायला बंदी आहे), तर विचार करा. शहरातल्या सिग्नलांमध्ये दोन्ही गाड्यांना ऑफिसला पोचायला चार-पाच मिनिटांचा फरक पडतो. त्या चार-पाच मिनिटांसाठी पाटी, हेल्मेट, लायसन्स आणि मोटारींची गर्दी.

पेडेलेकने सायकलमार्गावरूनच जावं लागतं का?

निळ्या गोल पाटीवर पांढरी सायकल असेल तर हो, तो मार्ग सक्तीचा आहे. सायकल आणि माणूस दोघे असतील तर मार्ग वाटून घ्यायचा आणि पायी चालणाऱ्याला सांभाळून घ्यायचं. निळी पाटी नसेल तर सायकलमार्ग दिसत असला तरी तुम्ही रस्त्यावरून जाऊ शकता. मागचा मोटारवाला हॉर्न मारेल. मारू द्या. त्याने तुम्हाला ओलांडताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर सोडायचं असतं, २०२० पासून हा आकडा नियमातच आहे.

फूटपाथवर मोठ्या माणसाने चालवायची नाही. ५५ युरो दंड आहे. पण दंडाच्या आधी एखादी आजी भेटते आणि ती जे सुनावते ते ५५ युरोंपेक्षा महाग पडतं. "गेवेग!" (म्हणजे फूटपाथ!) एवढा एकच शब्द, पण आपल्या शाळेतल्या मुख्याध्यापिकेच्या सुरात.

रस्त्याच्या डाव्या हाताचा सायकलमार्ग मोकळा आहे. तिथून गेलो तर?

या चुकीचा मी स्वतः मानकरी आहे. आपला जन्म डावीकडून चालण्यात गेलेला. पहिल्याच महिन्यात नेकार नदीच्या काठाने कानश्टाट भागाकडे चाललो होतो. पूल ओलांडल्यावर समोर डाव्या बाजूला छान लाल रंगाचा सायकलमार्ग दिसला आणि हँडल आपोआप तिकडे वळलं. समोरून येणारे तीन सायकलवाले घंटी वाजवत गेले, मला वाटलं लोक किती आनंदी आहेत. चौथे दोघे गणवेशात होते. उलट दिशेने जाणाऱ्याला इथे गाइस्टरराडलर म्हणतात, म्हणजे भुतासारखा समोरून येणारा. वीस युरो भरले. वळणाऱ्या मोटारीचा ड्रायव्हर त्या दिशेला पाहतच नाही, हे त्या पोलिसाने रस्त्यावर हाताने चित्र काढून समजावलं. तेव्हापासून पूल उतरलो की मनात आधी "उजवीकडे" म्हणतो, मग पाय टाकतो.

सिग्नल, फोन, हेडफोन?

लाल सिग्नल तोडला तर सायकलवाल्यालाही ६० युरो आणि वाहतूकगुन्ह्यांच्या सरकारी नोंदीत एक पॉइंट. सिग्नल लाल होऊन एक सेकंद उलटून गेलेला असेल तर १०० युरो. हातात फोन धरला तर ५५ युरो, आणि एस-पेडेलेकवर असाल तर मोटारीच्या दराने १०० युरो आणि पॉइंट. नकाशा पाहायचा तर फोन हँडलवर बसवा. हेडफोनला बंदी नाही, पण आजूबाजूचं ऐकू आलं पाहिजे. मागून येणारी रुग्णवाहिका ऐकू न येण्याइतकं मोठ्याने काही लावू नका, म्हणजे झालं.

बिअर पिऊन चालवली तर? सायकलच तर आहे.

ऑक्टोबरात हमखास येणारा प्रश्न. पेडेलेकवर १.६ पर-मिल (रक्तात हजारी १.६ भाग अल्कोहोल) ही गुन्ह्याची रेषा आहे, आणि तिच्या पलीकडे गेलात तर मानसशास्त्रीय तपासणीचा ससेमिरा मागे लागतो. वेडीवाकडी चालवत असाल किंवा अपघात केलात तर ०.३ लाही कारवाई होते. एस-पेडेलेकला मोटारीचे नियम: ०.५ ला ५०० युरो, दोन पॉइंट आणि महिनाभर वाहनबंदी, आणि १.१ ला गुन्हा. सायकलवर केलेल्या पराक्रमाने मोटारीचं लायसन्सही जाऊ शकतं. वाझन हे बिअरच्या मंडपांचं मैदान स्टेशनपासून दोन पावलांवर आहे, त्या दिवशी रेल्वेने जा.

मुलांना मागे बसवून नेता येतं का?

हो. चालवणारा किमान १६ वर्षांचा हवा आणि मूल सात वर्षांच्या आतलं. खुर्ची लहान मुलांसाठीचीच असली पाहिजे. कॅरिअरवर उशी बांधून बसवलेलं पोर ही आपल्याकडची सुखद आठवण असली तरी इथे चालत नाही. ट्रेलरमध्ये दोन मुलं बसतात. जुळी किंवा पाठोपाठची भावंडं असतील तर ट्रेलरच घ्या. पावसात ती आत कोरडी आणि गाढ झोपलेली असतात, आणि तुम्ही भिजलेले.

मूल स्वतःची छोटी सायकल चालवत असेल तर आठ वर्षांपर्यंत त्याने फूटपाथवरून किंवा रस्त्यापासून वेगळ्या बांधलेल्या सायकलमार्गावरून जायचं, दहा वर्षांपर्यंत फूटपाथची मुभा आहे. आठ वर्षांखालच्या मुलाबरोबर एका मोठ्या माणसालाही फूटपाथवर चालवता येते. म्हणजे वरच्या आजींना उत्तर द्यायला तेवढी एक सोय.

रेल्वेत नेता येते?

पेडेलेक हो, साध्या सायकलीसारखी, सायकलचं तिकीट काढून. डॉइचलांडटिकट या देशभरच्या मासिक पासात सायकल धरलेली नाही. आयसीई या लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीत जागा आधीच राखून ठेवावी लागते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या जागा फार लवकर संपतात. गर्दीच्या वेळी काही शहरांच्या लोकल गाड्यांत सायकलला बंदी असते, तिथलं वेळापत्रक पाहून निघा. पाटी लावलेली एस-पेडेलेक घेऊन फलाटावर जाऊ नका.

श्टुटगार्टमध्ये असाल तर झाके विसरू नका. मारीनप्लाट्झहून डेगरलोखला दातेरी रुळांवरून चढणारी ही छोटी गाडी पुढे एक उघडा डबा ढकलत नेते, त्यात सायकली उभ्या करायच्या. साधारण दोनशे मीटरचा चढ बसून पार होतो. बॅटरी संपलेली असली की याची किंमत कळते. पंचवीस किलोची मेलेली गाडी घेऊन डेगरलोख चढणं म्हणजे सिंहगडाच्या घाटात हातगाडी ओढण्यातला प्रकार.

एका चार्जमध्ये किती जाते?

सगळ्यात नेहमी विचारला जाणारा आणि ज्याचं खरं उत्तर कुणी देत नाही असा प्रश्न. कारण उत्तर तुमच्या वजनावर, चढावर, वाऱ्यावर, टायरच्या हवेवर आणि कुठल्या मोडवर चालवता यावर आहे.

बॅटरी वॅट-अवरमध्ये मोजा. ५०० वॅट-अवर म्हणजे अर्धा युनिट वीज. सपाट रस्त्यावर, कमी मदतीवर, मूठभर सामान घेऊन तेवढ्यात ८०-१०० किलोमीटर निघतात. टर्बोवर म्हणजे सगळ्यात जास्त मदतीवर, चढावर, मागे मूल आणि पुढे आठवड्याचा बाजार असला तर ४० ला मान टाकते. दुकानातले आकडे पहिल्या जातीचे असतात. घर काठावर असेल तर सरळ ६२५ किंवा ७५० ची घ्या.

खर्चाची भीती नको. युनिटला ३५-४० सेंट धरले तर पूर्ण चार्ज वीस सेंटच्या आसपास पडतो. बसचं एक तिकीट याच्या कितीतरी पट महाग.

थंडीत बॅटरी लवकर उतरते, बिघडली का?

बिघडलेली नाही, गारठलेली आहे. लिथियमच्या आतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते आणि जानेवारीत उन्हाळ्यातल्या अंतराचा चांगला मोठा तुकडा कमी होतो. रात्री बॅटरी काढून घरात आणा, निघताना लावा. चालायला लागली की ती स्वतःच थोडी गरम राहते.

मी पहिल्या हिवाळ्यात बॅटरी सायकलला लावून बाल्कनीत ठेवली. उणे सहा तापमानात सकाळी चार्जर जोडला आणि चार्जर लुकलुकत बसला. शून्याच्या खाली चार्ज करणं बॅटरीला मानवत नाही, त्या वेळी तिचं आतलं सर्किट चार्ज घेऊ देत नाही हे नंतर कळलं. खोलीत आणून दोन तास ठेवली आणि मग जोडली तर निमूट चार्ज झाली. महिनाभर चालवणार नसाल, भारतात जाणार असाल, तर ती निम्म्याच्या आसपास चार्ज करून कोरड्या जागी ठेवा. पूर्ण भरूनही नको, पूर्ण रिकामीही नको.

चार्जर गाडीबरोबर आलेलाच वापरा. पडलेली, फुगलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी घरात चार्ज करू नका. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकायला बंदी आहे, विकणारं दुकान ती परत घेतं.

दिव्याबित्याचे काही नियम?

आहेत. पुढे पांढरा, मागे लाल, आणि दोन्हींवर इथल्या मान्यतेचं चिन्ह हवं. लुकलुकणारे दिवे चालत नाहीत, कितीही छान दिसले तरी. घंटी हवी, दोन वेगळे ब्रेक हवेत. पेडेलेकचे दिवे मोठ्या बॅटरीवरच चालतात आणि मदत बंद पडली तरी दिव्यांपुरतं बॅटरीत राखून ठेवलेलं असतं.

जंगलातून नेऊ शकतो?

पेडेलेक हो, पण बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये, म्हणजे श्टुटगार्टच्या राज्यात, दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकलला बंदी आहे. या नियमावरून डोंगरी सायकलवाले आणि पायी फिरणारे यांच्यात जुनं वैर आहे. आपण रविवारी पोराबाळांसह जातो, रुंद वाट पुरते.

२५ ला मदत बंद होते तो झटका नको वाटतो. चिप लावून ती मर्यादा काढता येते म्हणे?

येते. लावू नका.

हे उत्तर एवढं तुटक द्यायला कारण आहे. चिप लावली त्या क्षणी तुमची सायकल मान्यता नसलेलं, विमा नसलेलं मोटारवाहन होते. एखाद्याला धडक बसली तर खासगी हाफ्टफ्लिख्ट (दुसऱ्याच्या नुकसानभरपाईचा) विमा हात वर करतो, आणि त्या माणसाच्या उपचारांचा खर्च आयुष्यभर तुमच्या गळ्यात पडू शकतो. जर्मनीत राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण करायचं असताना फौजदारी प्रकरण कोणाला हवंय? मोटरची हमीही जाते. आताच्या मोटरींना छेडछाड कळते, मदत आपोआप कमी होते आणि गाडी दुरुस्तीला न्यावी लागते.

झटक्याचं म्हणाल तर आठवडाभराने पायाला सवय होते. २४ वर ठेवायची, बस.

सेकंडहँड घेताना काय पाहायचं?

फ्रेमवर कोरलेला क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक एक आहे का ते. खरवडलेला असेल तर नमस्कार करून निघा. बॅटरीचं वय आणि किती वेळा चार्ज झाली हे दुकानात निदान-यंत्राला जोडून छापून मिळतं, विक्रेत्याला तो कागद मागा. नवी बॅटरी काही शे युरोंना पडते, त्यामुळे "फक्त बॅटरी बदलावी लागेल" हे वाक्य हलकं घेऊ नका.

चालवून पाहताना उताराशिवायच्या रस्त्यावर वेग २५ च्या पुढे नेऊन पाहा. मी पाहिलेली एक छान निळी गाडी ३४ वरही ढकलत होती आणि पडदा मात्र १७ दाखवत होता. मालक म्हणाला, "त्याचं मीटर जरा हळू आहे." मीटर हळू नव्हतं, आत चिप होती.

चोरी आणि विमा?

कुलूप चांगलं घ्या, गाडीच्या किमतीच्या दहा टक्के हा इथला ढोबळ हिशेब आहे. चाकाला नाही, फ्रेमला आणि जमिनीत रोवलेल्या खांबाला अडकवा. तळघरातून किंवा घरातून चोरी झाली तर हाउसराट म्हणजे घरसामानाच्या विम्यात पेडेलेक बहुधा येते. रस्त्यावरून गेली तर सायकलचं वेगळं कलम लागतं, ते पॉलिसीत आहे का हे आज संध्याकाळीच पाहा. एस-पेडेलेक मोटारवाहन असल्यामुळे घरसामानात धरत नाहीत, तिचं चोरीचं संरक्षण पाटीच्या विम्याबरोबर घ्यावं लागतं. तक्रार करताना पोलीस पहिला प्रश्न फ्रेम क्रमांकाचा विचारतात, त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा.

कंपनीमार्फत घेणं स्वस्त पडतं का?

पगार बरा असेल आणि तीन वर्षं त्याच कंपनीत राहणार असाल तर बहुतेक वेळा हो. कंपनी गाडी भाड्याने घेते, साधारण ३६ महिन्यांसाठी, आणि हप्ता तुमच्या पगारातून कर कापण्याआधी वळता होतो. तुम्हाला मिळालेल्या सोयीवर कर बसतो, पण २०२० पासून तो किमतीच्या पाव भागावर, महिना एक टक्का. चार हजारांची गाडी म्हणजे पाव भाग एक हजार, त्याचा एक टक्का दहा युरो. तेवढेच दहा युरो दर महिन्याला तुमच्या करपात्र उत्पन्नात वाढतात.

नोकरी सोडली तर काय, हे करारात आधी वाचा. आणि तीन वर्षांनी गाडी विकत घ्यायची किंमत किती असेल, तेही विचारून ठेवा.

शेजारच्या देशात घेऊन गेलो तर?

साध्या पेडेलेकला युरोपीय संघात कुठेही सायकलच धरतात. घोळ एस-पेडेलेकचा. नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ती मोपेड आहे: पिवळी पाटी, हेल्मेट, मोपेडचं लायसन्स. तिथल्या सायकल-मोपेड मार्गावर ती गावात ताशी ३० आणि बाहेर ४० ने जाऊ शकते.

बोडनझेच्या तळ्याभोवतीचा फेरा जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जातो. सीमेवरच्या कोन्स्टान्झहून पलीकडे स्वित्झर्लंडमध्ये गेलात की दिवे दिवसाही लावा. स्वित्झर्लंडमध्ये एप्रिल २०२२ पासून सगळ्या ई-बाइकना दिवसाही दिवे सक्तीचे आहेत. आणि तिकडे स्वस्तात मिळते म्हणून गाडी उचलू नका: तिथल्या हळू ई-बाइकला ५०० वॅटपर्यंतची मोटर चालते, ती इकडे आणली की सायकल राहत नाही.

भारतात परत जाताना घेऊन जाता येईल?

गाडी हो, बॅटरी नाही. प्रवासी विमानात १६० वॅट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी न्यायला बंदी आहे, आणि तुमची ४०० ते ७५० ची असते. सामानाबरोबर जहाजाने पाठवायची म्हटली तरी ती धोकादायक माल धरली जाते आणि घरसामान नेणारे बहुतेक नकार देतात. बॅटरीशिवाय नेली तर तिकडे त्याच मोटरला जुळणारी बॅटरी शोधत बसावं लागेल.

त्यापेक्षा विकून जा. मार्च-एप्रिलमध्ये गिऱ्हाईक लगेच मिळतं, नोव्हेंबरात फोन वाजत नाही. बिल, चार्जर आणि बॅटरीच्या कुलपाच्या दोन्ही किल्ल्या आधीपासून एका पाकिटात ठेवा. एक किल्ली हरवली आहे म्हटलं की गिऱ्हाईक पहिल्या वाक्यालाच पन्नास युरो खाली येतं.